बिनव्याजी

काल्याची हंडी फुटली, दहीलाह्यांचा प्रसाद हातोहात संपला. एरवी प्रसाद पदरात पडला की बैलं जुंपणारी भावकी आज मात्र लिंबाजीबुवांच्या ओसरीवर येऊन टेकली. पानाचं तबक फिरलं, चुन्याची डबी फिरली, तरी कोणी उठेना. बुवांनी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

पण बुवा अजून काल्यातून बाहेर आलेच नव्हते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एका जागी कालवल्या आणि मग कुणाची भाकर कुठली, हे देवालासुद्धा सांगता येईना, एवढं एक वाक्य आज कीर्तनात त्यांनी तीनदा घोळवलं होतं. सप्त्याचं जागरण अंगात मुरलं होतं. कपाळीचा बुक्का घामानं नाकावर उतरला होता. जग चांगलं आहे, निदान चांगलं होण्याजोगं आहे, असं त्यांना काल्याच्या दिवशी हटकून वाटायचं.

"हं दत्ता, सांग बाबा," माणिकराव म्हणाले. बुवांच्या पत्नी सगुणाबाई, त्यांचे हे भाऊ पाथरीला शाळेत कारकून होते. भाच्याच्या शिक्षणात आपला हात आहे असं ते मानत, आणि तो होताही. "बी.ए. तर झालास. आता वकिलीला कुठं कुठं अर्ज टाकायलास?"

दत्ता उंबऱ्याला टेकून बसला होता. मामानं विचारायची तो वाटच बघत असावा, कारण त्याची सगळी गणितं तोंडपाठ होती.

"चार जागा हेरल्यात मामा. पुण्याचं कॉलेज समद्यात चांगलं. पन वसतिगृह, खानावळ, पुस्तकं. तीन वर्षं तिथं काढायची म्हनजे वावर गहान टाकावं लागल."

"वावराचं नाव काढू नको!" आतून सगुणाबाईंचा आवाज आला.

"न्हाई काढत माय. म्हनून तर पुणं शेवटी. औरंगाबादेत मामाच्या साडूकडं ऱ्हायची सोय होती. पन गेल्या साली विद्यापीठाच्या नामांतरापायी किती दिवस कॉलेजं बंद व्हती? आज मोर्चा, उद्या बंद. परीक्षा पुढं सरकली की एका वर्साचा खर्च दीड वर्साचा होतोय."

"आन् नांदेड?"

"नांदेडला खोलीचं भाडं पडल, जेवनाचं न्हाई. गुरुद्वाऱ्यात लंगर हाय. कोनालाबी पंगतीला बसवतेत."

यावर सूर्यभान हसला. बुवांचे थोरले भाऊ किशनराव, त्यांचा हा एकुलता लेक. दत्ता लहान असताना त्याला खांद्यावर बसवून झरीच्या बाजाराला नेणारा. दत्ताला पोहायला त्यानंच शिकवलं होतं, विहिरीत ढकलून.

"आरं, काळा कोट घालून लंगरात बसनार व्हय? जज्ज बाजूला येऊन बसला तर म्हनल, वकीलसाब, जरा डाळ सरकवा."

"कोटाला तीन वर्षं हायत दादा. तोवर नुसती भूक हाय."

ओसरी हसली. बुवाही हसले. पोराचं बोलणं त्यांना आवडलं.

"चौथी जागा परभणी," दत्ता पुढं म्हणाला. "घरूनच एसटीचा पास काढायचा. समद्यात स्वस्त ते. पन..."

"पन काय?"

दत्ता उंबऱ्याचं लाकूड नखानं खरवडायला लागला. बुवांना मात्र त्या 'पन'चा अर्थ ठाऊक होता. पोराला गावातून निघून जायचं होतं. गेल्या श्रावणात गावाबाहेरची बौद्धवस्ती पेटली, तेव्हापासून तो वेशीबाहेरून जाताना त्या काळ्या भिंतींकडं बघायचा नाही. सुट्टीत आला की दोन दिवसांत परत जायचं निमित्त काढायचा.

"फीचं बगा," दत्तानं विषय पुढं नेला. "ईबीसीची सवलत बसती आपल्याला. वरच्या खर्चाला सरकारची कर्ज शिष्यवृत्ती हाय. कमवाया लागलं की फेडायची. निसते दोन जामीन लागतेत. एक मामा. आन् दुसरे बाप्पा तुमी. तुमची सही झाली की नांदेडला टाकतो अर्ज."

सगळ्यांचे डोळे किशनरावांकडं वळले. किशनरावांनी पानाचा देठ मोडला, चघळला, टाकून दिला.

"सही कशाला?" ते म्हणाले. "कर्जच कशाला? कर्ज काढून शिकलेला मानूस आधी सावकाराचा, मंग घरचा. सरकार काय, सावकारच की. तू पुण्याला जा."

"पुण्याला? बाप्पा, खर्च..."

"खर्च आमचा. सप्त्याची वर्गणी उरली हाय. शिवाय गावातल्या अकरा घरांनी ठरवलंय, दरसाल सुगीला आपापला वाटा काढायचा. तीन वर्षं. कागुद न्हाई, व्याज न्हाई, परत मागनं न्हाई. आपल्या गावातनं एक वकील निघाला, एवढं पुरं." ते बुवांकडं वळले. "तू जलमभर बिदागीला हात लावला न्हाईस लिंबा. जिथं कीर्तन केलं तिथलं पानी बी प्यायला न्हाईस. लोकं पाया पडले आन् तू मोकळ्या हातानं घरी आलास. ते गावानं ध्यानात ठेवलंय म्हन."

बुवांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अशीच असते देवाची करणी, त्यांना वाटलं. आपण मागत नाही, तो विसरत नाही. आत चुलीपुढं बसलेल्या सगुणाबाई कपाळावरून पदर ओढत दारापर्यंत आल्या.

"भावजी, खरं बोलायलाव ना?"

"मी कवा खोटं बोललो, बाई?"

"पुणं लांब हाय," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. लेकरू जितकं लांब जाईल तितकं त्यांना हवं होतं, हे बुवांनी त्या क्षणी पहिल्यांदा ओळखलं. माणिकरावांनी तर मांडीवर थाप मारली. "घे दत्ता, लंगर सुटला तुझा!"

दत्ता मात्र हसला नाही. "कोनती अकरा घरं, बाप्पा?"

नावं सगळ्यांना पाठ होती. वस्ती जाळल्याच्या खटल्यात गावातली अकरा पोरं आरोपी होती. सूर्यभान त्यांत पहिला.

"तुला घरांशी काय करायचं? पैशाला नाव असतंय का?" किशनराव म्हणाले, आणि मग आवाज उतरवून, जणू सहज आठवलं तसं, "लिंबा, तुझं बी एक छोटंसं काम हाय. पुढल्या म्हयन्यात तारीख हाय आपली. वकील म्हनायलाय, बाकी गवाह हजार असू द्या, एक बुवा कोर्टात उभा ऱ्हायला तर मामला खलास. त्या सांजेला मारुतीच्या देवळात तुझं कीर्तन व्हतं. पोरं तुज्या मागं टाळाला व्हती. सुरुवातीपसून आरतीपतुर. एवढंच सांगायचं. सूर्यभान माज्या पाठीमागं उभा व्हता, म्हनायचं. संपलं."

बुवांच्या तोंडातली लाही तशीच राहिली.

ज्यानं जन्मभर कीर्तन केलं त्याला मागं वळून बघावं लागत नाही. मागं उभे असलेले टाळकरी त्याला पाठीनं दिसतात. उजवीकडचा टाळ कोण धरतो, डावीकडं कोण चुकतो, कोण पेंगतो, सगळं कळतं. त्या सांजेला बुवा दृष्टांतावर आले होते. दुपारच्या तापलेल्या वाळूत सगळ्यांनी टाकून दिलेलं पोर कडेवर उचलून घेणाऱ्या संताची कथा लावली होती त्यांनी. पोराच्या नाकातला शेंबूड संतानं आपल्या उपरण्यानं पुसला, इथवर आले, आणि मागचा टाळ विरळ झाला. आधी उजवीकडचा, मग डावीकडचे दोन. थोड्या वेळानं मृदंग आणि कसाबसा एक टाळ, एवढंच उरलं. बुवा गात राहिले. मांडलेलं कीर्तन मोडायचं नसतं. आरती होईतो बुवानं जागा सोडायची नसते. ते आरती करून बाहेर आले तेव्हा गावाबाहेरचं आभाळ तांबडं झालेलं होतं.

वस्तीतला सरजाबाईचा म्हातारा नवरा त्या आगीत भाजला आणि गणपती बसायच्या आधी गेला. सरजाबाई बुवांच्याच वावरात खुरपायला यायची. आता ती लेकीकडं चारठाण्याला होती. तारखेला परभणीला यायची, कोर्टाच्या पायरीला बसायची, निघून जायची.

"काय रं, गप का झालास?" किशनराव म्हणाले.

"दादा..." बुवांनी तोंडातली लाही गिळली.

"दाजी," माणिकराव कानाशी आले, "सोन्यासारखी गोष्ट हाय. तुमी काय कुनाला फासावर चढवायलाव का? सोडवायलाव. सोडवनं तर पुन्याचंच काम. आपल्यात असंच चालतंय."

बुवांनी दाराकडं बघितलं. वाटलं, सगुणा तरी म्हणेल, असलं बोलू नका. चाळीस वर्षं ती त्यांचं कीर्तन ऐकत आली होती. खऱ्याची चाड काय असते हे तिला वेगळं सांगायला नको.

सगुणाबाई जमिनीकडं बघत होत्या.

"एक शबुद तर हाय," त्या म्हणाल्या. "लेकरू जाईल हितनं."

ओसरीत माशा घोंगावत होत्या. लाह्यांच्या सांडलेल्या दाण्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. बुवांना वाटलं, होय म्हणून टाकावं. देवाच्या दारात कित्येकांचं कित्येक खपून जातं. आणि दत्ता काळा कोट घालून आला की देव म्हणेल, बरं झालं बाबा, एक लेकरू तर मार्गी लागलं. त्यांनी तोंड उघडलंही असेल. पण त्याआधी दत्ता उठून उभा राहिला.

"आबा," तो म्हणाला, "मला एक सांगा. होय, न्हाईतर न्हाई. दुसरं काय नगं. त्या सांजेला सूर्यभानदादा टाळाला व्हता का?"

"दत्ता!" किशनराव ओरडले. "बापाला सवाल करायलास व्हय रं?"

"कुनाच्या पैशावर शिकायचं, ते ठरवायलोय बाप्पा. नांदेडचं कर्ज सरकारला फेडता येतंय. हे फेडायचं झालं तर मला कुनाला फेडायचं ते कळू द्या. आबा, व्हता का?"

सूर्यभान मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरत होता. बुवांना तो लहान असल्यासारखा वाटला. टाळ धरायला त्यांनीच शिकवलं होतं त्याला. बोटं दुखली की रडायचा, पण सोडायचा नाही.

"मंगलाचरनाला व्हता," बुवा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "दृष्टांताला नव्हता."

मग किशनराव उठले. त्यांनी उपरणं झटकलं, जसं धूळ बसलेलं घोंगडं झटकतात.

"एका आयेच्या पोटचे आपन, लिंबा," ते म्हणाले. "एका आयेच्या. बिदागी घेतली न्हाईस म्हनून लोक तुला संत म्हनायले. आज समजलं, तू घेत नव्हतास, साठवत व्हतास. आज मुदलासकट वसूल केलीस माज्यापसून." ते दत्ताकडं वळले. "जामिनाची सही इसर. आन् पुढल्या सप्त्याला बुवा दुसरा बोलावू आमी. तुज्या बापाच्या मागं टाळ धराया ह्या गावात कोन उभा ऱ्हातोय, बघतोच."

"भावजी!" सगुणाबाई दारातून खाली आल्या. "असं उपाशीपोटी नका जाऊ. काल्याचा दिवस हाय."

"काला झाला, बाई," किशनराव म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.

मागोमाग भावकी उठली. कोणी बुवांच्या पाया पडलं नाही. माणिकराव सगळ्यांत शेवटी उठले, धोतराचा सोगा नीट करत.

"मी बी निगतो आक्का. पाथरीची गाडी चुकल." आणि दत्ताकडं न बघता, "त्या जामिनाचं... आमच्या शाळेचे चेअरमन किशनरावांचे व्याही लागतेत, तुला म्हाईतच हाय. मी बगतो. कळवतो."

"नका कळवू मामा," दत्ता म्हणाला. रागानं नाही. "लेकराबाळांचे धनी तुमी."

माणिकरावांचे डोळे भरले, पण पाय थांबले नाहीत.

सूर्यभान मात्र अजून बसलाच होता. बुवा आणि तो, मध्ये पानाचं तबक. मग तो हळूच म्हणाला, "काका, तुमी तर मागं वळून बघितलं नव्हतं."

"न्हाई."

"मग कसं कळलं?"

"टाळ विरळ झाला की पाठीला कळतंय, बाबा."

सूर्यभाननं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बुवांना बरं वाटलं असतं.

"देवळाच्या पायरीवर लय येळ उभा व्हतो आमी," तो म्हणाला. "आत जावं का भाईर जावं ते कळंना. तुमचं कीर्तन ऐकू यायलं व्हतं. कळलं व्हतं तर थांबला का न्हाईत काका? एकदा गायचं थांबला असता, पोरंहो, म्हनून हाक मारली असती... आमी आलो असतो परत. मी तरी आलो असतो."

तो उठला आणि बापाच्या मागं गेला.

सगुणाबाई सांडलेल्या लाह्या झाडत राहिल्या. तेवढीच जागा, पुन्हा पुन्हा. दुपार कलली. शेजारच्या आडावर रोज त्यांना हाक मारून पाणी शेंदणाऱ्या बाया आज आल्या, आणि हाक न मारता घागरी भरून गेल्या. सगुणाबाईंनी ते ऐकलं, झाडू तसाच धरला आणि म्हणाल्या:

"दत्ता, पुन्याला जाऊ नको. नांदेडला बी जाऊ नको. आता आमाला दोघांना हितं एकटं टाकून कुठंच जाऊ नको."

दुपारी ह्याच बाईनं 'पुणं लांब हाय' म्हणताना चेहरा उजळवला होता. दत्तानं आईकडं बघितलं, मग बापाकडं.

"न्हाई जात माय," तो म्हणाला. "परभणीलाच टाकतो. तशी बी तीच समद्यात स्वस्त व्हती." आणि जरा थांबून, "पासाला काय जामीन लागत न्हाई."

कोणी हसलं नाही.

बुवा खांबाला टेकून बसले होते. ह्या पोराला आपण काय दिलं, त्यांनी मनात मोजून पाहिलं. वावराचा तुकडा, बुक्का, आणि आता हे गाव. ज्या गावातून त्याला पळायचं होतं, त्याच गावाच्या मुक्कामाच्या एसटीनं तो तीन वर्षं रोज परत येणार. आणि एसटीत शेजारची जागा रिकामी राहणार.

"मी बी येतो तुज्यासंगं परभणीला," बुवा म्हणाले. "तू अर्ज टाक. मी सरकारी वकिलाकडं जातो. हितं भावापुढं सांगितलं, ते सरजाबाईपुढं बी सांगाया पायजे. तिला किती तारखा झाल्या."

सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या 'नका' म्हणाल्या नाहीत. 'जा' म्हणाल्या नाहीत.

दत्ता बापाच्या समोर येऊन बसला.

"आबा, तितं बाप्पांचा वकील उलटतपासणी घेणार तुमची. पयलाच सवाल काय असंल, ठावं हाय?"

"काय?"

दत्तानं नजर वळवली. "सूर्यभानदादानं केला, त्योच."

"मग तू इचार आधी."

"आत्ता? आबा, नगं..."

"इचार. कीर्तनाला उभं ऱ्हायच्या आधी मी बी मनात एकदा म्हनतो की." बुवा खांबाचा आधार घेऊन उठले आणि उभे राहिले. सवयीनं त्यांचे दोन्ही हात छातीशी जोडले गेले.

"हात खाली सोडा, आबा."

बुवांनी हात सोडले. ते कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. दत्ता उठून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेला, वळला, आणि कुठल्याशा पुस्तकातल्यासारख्या भाषेत बोलायला लागला.

"बुवा, तुमच्या मागचे टाळ कमी झाले, हे तुम्हाला कळलं होतं. बरोबर?"

"व्हय."

"मग तुम्ही कीर्तन का थांबवलं नाही?"

बुवांनी श्वास घेतला. "त्याचं असं हाय, कीर्तन म्हनजे भगवंताची उभी पूजा. मांडलेली पूजा अर्ध्यावर मोडली तर..."

"आबा."

बुवा थांबले. पुन्हा सुरुवात केली. "मला वाटलं, पोरं पानी प्यायला..." तेही त्यांनी अर्ध्यावर सोडलं. ओसरीच्या कोपऱ्यात सगुणाबाईंचा झाडू थांबला होता.

"थांबवाया पायजे व्हतं," बुवा म्हणाले.

दत्तानं मान डोलावली.

"एवढंच सांगा कोर्टात," तो म्हणाला. "ह्याच्या पुढं एक शबुद बी जोडू नका."